पाळीकडे धरलेली नळी
दिवाळीत फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला साकोलीजवळच्या आमच्या शेतामागची तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आठवते. धानात रानडुकरं घुसत, म्हणून परवाना काढून, दुकानदाराशी घासाघीस करून मी नवी एकनळी बंदूक आणली होती. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहून पहिला बार पाळीच्या मातीत काढायला गेलो. चाप ओढला, तर नुसतं खट्ट झालं. दुकानदाराला शिव्या घालत मी बंदूक उघडायला निघालो, तशी मागून बायको ओरडली, "अजी, उघडू नोका! फटाका नाई वाजला त लगेच हात लावता का? नळी तिकडंच राहू द्या!" "तुले काय समजते बंदुकीतलं?" मी खेकसलो, पण हात थांबला. तेवढ्यात बार आपोआप उडाला आणि पाळीची माती तोंडावर आली.  बंदूक पुन्हा न चालवता तशीच दुकानात नेली, तर दुकानदार म्हणाला, "भाव पाडून नेली ना जी, मंग आता काहून बोंबलता?" तो राग अजून गेलेला नाही. पण न वाजलेल्या फटाक्याकडे कोणी वाकलं की सगळ्यांआधी मीच ओरडतो, आणि माझा उजवा हात आपोआप मागे येतो.