सामान बाहेर काढा

फवारणीवाले यायचे त्या दिवशी सिमांजे गावाची झाकली मूठ उघडायची. हिवतापाचे डास भिंतीवर टेकतात, म्हणून औषध भिंतींवर मारायचं, आणि भिंती मोकळ्या हव्यात म्हणून घरातलं झाडून सगळं अंगणात आणून ठेवायचं. पलंग, गाठोडी, फुटकी बादली, मक्याच्या पिठाचा डबा, सुकवलेल्या मासळीची पोती, काही म्हणून आत ठेवायचं नाही. मग करिबा सरोवराच्या काठचं ते अख्खं गाव हिंडून एकमेकांची अंगणं न्याहाळायचं. कुणाकडे काय आहे, यापेक्षा काय नाही हे बघण्यातच लोकांना जास्त गोडी.

या जत्रेत सगळ्यांत तोरा लुशोमोचा. तिचा नवरा जायरोस उत्तरेला तांब्याच्या खाणीत कामाला होता. त्याने पाठवलेला मोठा पलंग, गुबगुबीत सोफा आणि काचेचं कपाट. कपाट बाहेर काढायला चार गडी लागायचे आणि लुशोमो त्यांच्यापुढे उलटी चालत ओरडायची, "अरे काच आहे, काच! तुमच्या घरची घागर नाही ती!" चर्चच्या महिला मंडळाची ती प्रमुख, त्यामुळे फवारणीला आडकाठी करणाऱ्यांच्या दारात गाव तिलाच धाडायचं. एका वर्षी शेजारच्या चीलोच्या आईने दार लावून घेतलं. लुशोमोने ते उघडायला लावलं. एक चटई, दोन पातेली आणि एक घोंगडी एवढंच अंगणात आलं, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढ्यासाठी दार लावलं होतंस होय गं? मला वाटलं, सोनं पुरलंयस!"

बायका खदाखदा हसल्या. चीलोची आईसुद्धा हसली. हसण्यावाचून ती बिचारी दुसरं करणार काय! जिभेला हाड नसतं हे कबूल, पण लुशोमोच्या जिभेला लगामही नव्हता.

पुढच्या थंडीत नदीपलीकडच्या गावात मयत झाली. सगळं सिमांजे तिकडे गेलं. पुरुष माती देऊन परतले, बायका रडायला आणि रांधायला मागे राहिल्या. लुशोमो घरी आली तर घर धुऊन काढल्यासारखं रिकामं. शेजाऱ्यांनी काही म्हणायच्या आत लेकीचा चोमा शहरातून फोन आला. बापाने खाणीजवळ दुसरी बाई केली होती, आणि नव्या संसाराला सामान हवं म्हणून तो ट्रक घेऊन आला होता. पलंगाला बांधलेली मच्छरदाणीही त्याने मागे ठेवली नव्हती.

लुशोमोने खिडक्यांना आतून कापडं ठोकली आणि दाराला कुलूप घातलं. कुणी आलंच तर आंब्याखाली बसायचं. "आत फार उकडतं बाई, इथंच बरं." फवारणीवाले आले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "किल्ली यांच्याकडे राहिली हो. खाणीत." त्यांनी चौकटीवर खडूने बंद घराची खूण केली आणि ते पुढे गेले. दुसऱ्या वर्षीही तेच. कुणी उलटून विचारलं नाही, तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. बडा घर, पोकळ वासा. पण वासा पोकळ आहे हे कळणार कुणाला?

यंदा तिच्याकडे नातू होता. लेकीने लुयांडोला आजीकडे ठेवलं होतं. आजी-नातू चटईवर निजत. सरकारी मच्छरदाण्या वाटल्या, तेव्हा "आमच्या पलंगाला आहे की" म्हणून ती नाक वर करून घरी आली होती. फवारणीवाल्यांनाही पुन्हा किल्लीचीच गोष्ट सांगितली.

मग लुयांडो तापला. आधी तिने ओल्या फडक्यावर भागवलं, कारण हिवतापाची तपासणी आता चीलोची आई करायची. ती गावाची आरोग्यसेविका झाली होती, आणि तिच्या दारात जाणं लुशोमोच्या जिवावर यायचं. दुपारी पोराने डोळे फिरवले तेव्हा मात्र ती त्याला पाठीशी बांधून धावत सुटली.

चीलोच्या आईने बोट टोचून रक्त घेतलं. पट्टीवर रेघ उमटली.

"हिवतापच आहे. आणि चांगलाच जोर धरलाय. दवाखान्यात न्यायला हवं, आत्ताच." तिने नवऱ्याला सायकल काढायला सांगितली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या घराच्या अवतीभोवती हा ताप हटत नाही गं. गेल्या पावसात माझी चीलो जाता जाता वाचली."

"किल्ली—" लुशोमो म्हणाली. किल्ली तिच्या गळ्यात दोऱ्याला लोंबत होती आणि पोराच्या तापल्या मुठीत ती घट्ट धरलेली होती.

पोरगं वाचलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा त्याची मान अजून धड सावरत नव्हती. त्याच आठवड्यात राहिलेली घरं उरकायला फवारणीवाले परत आले. लुशोमोच्या दाराशी येऊन त्यांचा म्होरक्या मिलिमो सवयीने खडू काढायला लागला.

"थांब," ती म्हणाली आणि तिने कुलूप काढलं.

गाव जमलंच. काचेचं कपाट तीन वर्षांत बाहेर आलं नव्हतं, ते बघायलाच सगळे आलेत, असं तिला वाटलं. तिने चटई बाहेर आणली. मग पातेलं, पिठाचा डबा, कपड्यांचं बोचकं. मिलिमो पाठीवर पंप घेऊन ताटकळत उभा राहिला.

"मावशी, उरलेलं सामान काढा की बाहेर."

"काढलं."

मिलिमो खाली बघत आत गेला. लुशोमोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं, पण धरणीसुद्धा भर दिवसा तिच्या चार वस्तू मांडून बसली होती.

चीलोची आई पुढे आली आणि तिच्या चटईवर टेकली.

"कधी गेलं, विचार ना," लुशोमो फणकारली. "विचार! तुझाच दिवस आहे आज."

"विचारायचं काय त्यात? ट्रक नदीच्या वाळूत रुतला होता. मयतीहून येणाऱ्या आपल्याच माणसांनी ढकलून काढला. माझ्या नवऱ्याने तर कपाट धरून ठेवलं होतं, काच फुटू नये म्हणून. पुरुषांना वाटलं, तुम्हा दोघांचं ठरवूनच चाललंय. नंतर तू खिडक्या झाकल्यास तेव्हा सगळ्यांना उमगलं."

"सगळ्यांना?"

"तू झाकत होतीस, मग आम्ही उघडं कसं करायचं? फवारणीवाल्यांनासुद्धा आम्हीच सांगायचो, किल्ली खरंच खाणीत आहे म्हणून." चीलोची आई लुयांडोकडे बघू लागली. "चीलो आजारी पडली तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण मग सगळ्यांसमोर तुला उघडं पाडल्यासारखं झालं असतं. ते कसं लागतं, मला माहीत आहे."

लुशोमोने मान खाली घातली. आंब्याखाली लुयांडो बोचक्याला टेकून बसला होता, बोरासारखे मोठे झालेले डोळे घेऊन. त्याच्या शेजारी पातेलं, शेजारी डबा. आतून पंपाचा फसफस आवाज येत होता. मोकळ्या भिंती, काम भराभर उरकत होतं.

"एवढ्यासाठी," ती म्हणाली, "एवढ्यासाठी दार लावलं होतं मी."

बायका हसतील म्हणून ती वाट बघत राहिली. कुणीच हसलं नाही.