तांबडं न बघणारी फिल्म

पाण्याखाली फोटो काढायला कुठली फिल्म घ्यावी, हे त्या वेळच्या कोल्हापुरात विचारायचं तरी कुणाला? शेजारी सिनेमाच्या स्टुडिओत फिल्म धुणारे एक काका राहायचे, त्यांनाच गाठलं. मी तेव्हा कचेरीत कारकून. हातात एक साधा डबा कॅमेरा आणि अंगात भलती रग.

भानगड धाकट्या बहिणीची होती. आमच्या मळ्यातल्या विहिरीचा तळ तिच्यासारखा कुणी गाठत नव्हतं. तळ गाठल्याची खूण म्हणून मूठभर गाळ वर आणायचा, अशी आमच्याकडची रीत. ती दर खेपेला आणायची आणि माझ्या अंगावर फेकायची. तिचं लग्न मुरगूडला ठरलं. तिकडं सून विहिरीत उतरली म्हटल्यावर जीव द्यायला गेली म्हणून अख्खं गाव दोर घेऊन धावलं असतं.

"दादा, हळद लागायच्या आधी माझा पाण्यातला फोटो काढ," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर मी कुठली बुडी मारतो?" आमच्याकडच्या पोरी ‘मारतो, जातो’ असंच बोलतात.

काकांनी दोन फिल्मा सांगितल्या. "एक समदे रंग बघती, पर मिट्ट अंधारात धुवायची. दुसरीला तांबडं दिसतच न्हाय, म्हणून तांबड्या उजेडात धुता येती. पर आपली कातडी तांबूस. तोंड काळं यील. पयली घे."

मी दुसरी घेतली. चित्र उमटताना मला बघायचं होतं, बस्स. आंधळ्यासारखं धुवायची भीती वाटत होती आणि ते काकांना सांगायची लाज. पाण्यात कसलं आलंय तांबडं, अशी स्वतःची समजूत घातली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तेलाच्या डब्याचा तळ कापून तिथं काच बसवली, पाणी शिरू नये म्हणून कडेनं लांबी भरली. चैत्रातलं दुपारचं ऊन सरळ विहिरीत उतरलं होतं. शेवटच्या पायरीवर बसून डबा पाण्यात दाबला आणि आत कॅमेरा धरला. ती काष्टा मारून खाली गेली. येताना माझ्याकडं बघत, गाळानं भरलेली मूठ पुढं करून वर आली. अशा आठ बुड्या, आठ फोटो. शेवटी तिला धाप लागली होती, तरी हसत होती.

दुसऱ्या दिवशी हळद. घरभर पावणं, आणि मी कोठीत कंदिलाला तांबडा कागद लावून बसलेलो. सात फोटो वाया गेले. आठव्यात मात्र पाणी काळंभोर आणि मधोमध ती, काचेसारखी स्वच्छ. मी आतूनच ओरडलो, "आलीस गं, लख्ख आलीस!" बाहेर हळदीच्या हातांनी तिनं टाळी वाजवली.

फिल्मवर जे स्वच्छ ते कागदावर काळं, हे आनंदाच्या भरात मी विसरलो होतो. छापल्यावर पाणी उजळ आलं आणि आत नुसती सावली. मूठ ओळखू येत होती. तोंडाच्या जागी डांबर.

"ह्यात मी कुठं हाय?" एवढंच म्हणून तिनं फोटो माझ्या हातात परत ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच मुरगूडला गेली.

पाच-सहा वर्षांनी मी बरा कॅमेरा घेतला, काकांनी सांगितलेली पहिली फिल्मही आणली. अंधारात धुवायला आता येत होतं. ती पोरांना घेऊन माहेरी आली होती. मी म्हटलं, चल मळ्यात, ह्या खेपेला तोंड येतंय बघ.

ती तांदूळ निवडत होती. "गेल्या खेपेला आल्तो तवा कुणाला न सांगता उतरलोतो," ती म्हणाली. "तळ लागला न्हाय, दादा. निम्म्यातनंच वर आलो."

सुपातले दोन खडे तिनं बाजूला टाकले.

"त्यो काळा फोटो हाय का अजून? दे की."

"अगं, त्यात तोंड कुठं दिसतंय तुझं?"

"मूठ दिसती न्हवं?"