किसनआबांच्या पाच खुंट्या

किसनआबांचं नाव मी घालवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून त्यांचे फोटो फिरत आहेत. मळवलीच्या ज्या फार्मवर आबा कामाला होते आणि मी अजून आहे, त्यांनीही पोस्ट टाकली आहे. "आमच्या फार्मचा आत्मा." खाली हात जोडलेले इमोजी.

तीन पावसाळ्यांपूर्वी याच आत्म्याला त्यांनी घरी बसवलं होतं.

आणि ज्या चुकीसाठी बसवलं, ती चूक माझी होती.

नीट सांगतो.

फार्मच्या बंगल्यामागच्या उतारावर पर्माकल्चरची, म्हणजे जंगलासारखी थराथरांची बाग करायची होती. वर फणस, मध्ये शेवगा-पपई, खाली हळद-अळू. पाणी विकत आणायचं नाही, पावसाचंच जमिनीत मुरवायचं. त्यासाठी उताराला आडवे चर खणायचे. चर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच पातळीत हवा. कुठे जरा खाली गेला, की सगळं पाणी तिथे धावतं आणि बांध फोडतं.

डिझाईन फार्म चालवणाऱ्या सरांचं होतं. लॅपटॉपवर रंगीत.
जमिनीवर पातळी लावायला मात्र आबा लागले. आसपासच्या गावांत भातखाचराचा बांध असो की घराचं जोतं, लोक आबांनाच बोलवायचे.

मी अकरावीत कॉलेज सोडलेलं. अक्षर बरं, शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून झाडांच्या पाट्या लिहायचं आणि नोंदी ठेवायचं काम मिळालं. गळ्यात कार्ड होतं. त्यावर "साइट इन-चार्ज" छापलेलं. घरी गेल्यावरही मी ते लवकर काढायचो नाही.

आबांकडे एक पारदर्शक नळी होती. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक मी धरायचं, दुसरं त्यांनी. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की ते खुंटी ठोकायचे.

"मास्तर, हात हलवू नगं. पानी हाय ते, तुज्यावानीच घाबरतंय."

खिशात कायम पट्टी असायची, म्हणून मी मास्तर.

संध्याकाळपर्यंत वरच्या चराची ओळ झाली. एका ठिकाणी ती आत वळत होती. मला ते खुपत होतं.

"आबा, इथे वाकडी झाली का?"

"व्हय, वाकडीच हाय. डोंगराला कुटं सरळ रेघ आस्ती का रं? उद्या म्हशीच्या शेपटाला पट्टी लावशील."

दोघंही हसलो. आबा घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना उर्सेला भाच्याच्या जोत्याचं काम होतं.

आणि त्याच दिवशी सरांच्या पर्माकल्चर कोर्सची मंडळी बाग बघायला येणार होती.

मी लवकर पोचलो. दोरी ताणली. पाच खुंट्या उपटून दोरीच्या रेषेत ठोकल्या. हातभर खाली. वरून चुन्याची फक्की मारली. ओळ इतकी सुंदर दिसली, की मी तिचा फोटो काढला.

आबा परत आले तेव्हा चर खणून झाला होता. खुंट्या निघाल्या होत्या.

पावसाळ्यात तीन दिवस झड लागली आणि बांध फुटला. नेमका त्या पाच खुंट्यांच्या जागी. माती, दगड, रोपं, सगळं खालच्या शेतकऱ्याच्या नुकत्याच लावलेल्या भातात.

सर छत्री धरून उभे. "लेव्हल कोणी लावली होती?"

"म्या लावली," आबा म्हणाले. "पन आसं व्हायाचं न्हाई. मास्तर व्हता की संगं. त्याला इचारा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हो सर. आबांनीच लावली होती."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

"पारंपरिक ज्ञान ठीक आहे, पण प्रिसिजन लागतेच," सर नंतर कोर्सच्या लोकांना म्हणाले. आबांना म्हणाले, "तुम्ही आता आराम करा."

नळी धरलेल्या आबांचा फोटो मात्र कोर्सच्या स्लाइडमध्ये अजून आहे. "स्थानिक शहाणपण" या शीर्षकाखाली.

चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "आबा, नळीत पानीच भरलं व्हतं ना? का दुसरं काय?"

आबाही हसायचे. मग एकदा कोणीतरी बांधासाठी बोलवायला आलं. मी शेजारीच उभा होतो.

"माजा डोळा गेला," आबा म्हणाले. "दुसरा कुनी बग."

मी चहा संपवला आणि निघालो.

आज ही पोस्ट लिहिण्याआधी त्यांच्या घरी गेलो. वर्षश्राद्धाची गडबड होती. मावशींना, म्हणजे आबांच्या पत्नींना, बाजूला बोलावून सगळं सांगितलं.

त्यांनी ओसरीच्या खांबाला हात लावला.

"रोज ती नळी भरायचे," मग म्हणाल्या. "येक टोक ह्या खांबाला, येक त्या खांबाला. मला धराया लावायचे. बग गं, बराबर हाय का? म्या म्हनायची, बराबर हाय की. मग म्हनायचे, तर मग तितं कसं चुकलं?"

"मावशी, माफ करा."

"मला नगं सांगू. त्या टपरीवर सांग. ज्याच्या भातात माती गेली त्याला सांग. समद्यास्नी सांग."

अंगणात पंगत बसत होती. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवत होते.

मला त्या जेवून जा म्हणाल्या नाहीत.

टपरीवर सांगून आलो. खालच्या शेतकऱ्याला सांगून आलो. आता इथे सांगतोय, आणि फार्मच्या पोस्टखालीही हेच टाकणार आहे. खाली माझ्या वहीचं पान जोडलं आहे. प्रत्येक खुंटीची आबांनी ठरवलेली जागा त्यात आहे, आणि मी हलवलेलीही. सर, बघून घ्या. उद्या कार्ड परत मागितलंत तर देईन.

आबा, तिथे तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

हे ऐकायला तुम्ही नाही. तरीही, मान खाली घालून, श्रद्धांजली.