दंडावरची खूण

बापू माणसाचे तोंड नंतर पाहत, आधी दंड पाहत. आटपाडीच्या बाजूला गावोगाव देवी टोचत फिरणारे हे आमचे देवीडॉक्टर. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचीच बाही वर सारली. मुलीचा मामा म्हणाला, "आवं डॉक्टर, जावई हाय त्यो, खोंड न्हाई." खूण सापडल्यावरच बापू हसले.

दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला टोचले, मग बस म्हणाले. धनगरांची मुले किती, हे कुणालाच ठाऊक नव्हते; मेंढरांमागे त्यांचे तळ सारखे हलत. बापूंची रीत साधी होती. बाजारात सापडतील तेवढ्या मुलांना टोचायचे. पुढे जत्रेत दिसेल त्या मुलाचा दंड पाहायचा. दहांत दोघांवर खूण निघाली, तर एकूण मुले टोचलेल्यांच्या पाचपट धरायची आणि राहिलेल्यांपुरती लस मागवायची. "पर गड्या, जवळ येतंय तेवढंच बघू नगं," ते बजावत. "पळतंय त्येबी धरून बघ."

त्या वर्षी जत्रेच्या दिवशी बापू तापाने पडले होते. मी एकटाच गेलो. मुले हाती लागेनात, म्हणून दंड दाखवील त्याला पिशवीतला गुळाचा खडा देऊ लागलो. टोचून झालेल्यांना आता कसली भीती? ती धावत आली. जवळजवळ प्रत्येकाच्या दंडावर खूण. मी आनंदाने आकडा सांगितला. बापूंनी माझ्या पिशवीकडे पाहिले. "थोडीच राहिली म्हनायची," म्हणाले, आणि तेवढीच लस मागवली.

उन्हाळ्यात तळांवर देवी आल्या. लस पुरली नाही. एका बाईच्या मांडीवर अंगभर फोड आलेले पोर होते. "जत्रंत न्हवतासा व्हय?" बापूंनी विचारले. "व्हतो की. सुईला भिऊन ह्यो मेंढरांत दडला." दोन दिवसांनी ते पोर गेले. तशी आणखीही गेली.

साहेबांनी जाब विचारला, तेव्हा बापू म्हणाले, "मोजणी माझी." मी शेजारीच उभा होतो. त्यांची बदली मेढ्याला झाली.

परवा साताऱ्यात त्यांच्या घरी गेलो. डोळे गेले आहेत. त्यांनी माझी बाही वर सारून अंगठ्याने खूण चाचपली आणि मला ओळखले. मग मी गुळाचे सांगितले, इतक्या वर्षांनी.

"वास आला व्हता रं तवाच," बापू म्हणाले. "आकडा बरा वाटला, म्हनून मीबी इचारलं न्हाई."

अंगठा खुणेवर तसाच राहिला.