गुरुवार माझा, रविवार तिचा

लग्न झालं तेव्हा बायकोनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आठवड्यातून एक दिवस तरी आपण दोघं समोरासमोर बसून जेवू. मी हसलो होतो. त्यात काय मागायचं, असं वाटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. पिंपळे गुरवला एका खोलीत राहायचो. मी ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर, ती नदीपलीकडे विजेची बटणं जोडायच्या छोट्या कारखान्यात. धरणात पाणी कमी, वीज अपुरी. सगळे कारखाने एकदम चालले तर पुरायची नाही, म्हणून सरकारनं भागाभागाला सुट्टीचे वेगळे वार वाटून दिले. माझ्या भागाला गुरुवार आला, तिच्या भागाला रविवारच राहिला. त्यावर आणखी एक हुकूम निघाला, संध्याकाळी मोठी भट्टी चालवायची नाही. त्यामुळे आमची भट्टी रात्री दहानंतर पेटायची आणि मी कायमचा रात्रपाळीचा झालो.

भट्टी पेटायच्या आधी साचे भरून ठेवायचे असत, म्हणून मी संध्याकाळी सहाला निघायचो, ती साडेसहाला यायची. गुरुवारची सुट्टीही रात्री दहापर्यंतच, त्यामुळे त्या संध्याकाळीही तेच. सकाळी मी पहिल्या बसनं परतायचो तेव्हा ती डबा घेऊन बसथांब्यावर उभी असायची. "चुलीजवळ झाकून ठेवलंय," एवढं म्हणायची आणि बसमध्ये चढायची. घरी भाकरी-कालवणाचं ताट, वर दुसरं ताट पालथं. मी ते उघडून एकटाच जेवायचो आणि झोपायचो. काही सांगायचं असलं तर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवायचो. दळण आणा. रॉकेल संपलं. एकदा तिनं लिहिलं होतं, कालवण खारट झालं होतं का? मी खाली लिहिलं, नाही. खारट झालं होतं.

रविवारी मला दिवसाही कारखान्यात थांबवून घेत, म्हणून ती वंदनेला विहारात एकटीच जायची. तिथल्या बायका चिडवायच्या, "बाई, नवरा हाय का नुसता फोटू लावलाय भिंतीला?" हे तिनं मला बसथांब्यावर सांगितलं, हसत हसत. मला मात्र हसू आलं नाही. सणाला गावी जायचो खरं, पण तिथं आधी पुरुषांची पंगत, बायका मागून.

शेवटी दोघांना सुट्टीचा एकच वार मिळावा असा अर्ज लिहून घेतला आणि वीज कचेरीत गेलो. तिथल्या साहेबानं तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले. "अहो, इथं भागांचे वार ठरतात, माणसांचे नाही. तुम्हा दोघांसाठी मी तारा बदलू का?" आवाजात कुचेष्टा नव्हती, तोही कंटाळलेलाच होता. तरी मला राग आला. अजूनही येतो. चूक त्याची नव्हती हे कळूनही येतो.

घरी येऊन दारावर लिहिलं, जमलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याखाली तिचं अक्षर होतं, बरं.

अशी चार वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात वीज आणखी तुटली आणि आठवड्याला दोन दिवस बंदचा हुकूम आला. तिच्या कारखान्याला रविवारच्या जोडीला गुरुवार मिळाला. त्या जादा दिवसाचा तिचा पगार बुडणार होता, तरी बातमी ऐकून मला आनंदच झाला. दारावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, गुरुवारी मटण आणा.

गुरुवार उजाडला. मी मटण आणलं, आंघोळ करून कॉटवर बसलो. ती स्वयंपाक करत होती. बोलायचं खूप होतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना. हातात खडू असता तर बरं, असं वाटून गेलं. तीही भांड्यांशीच खुडबुडत होती.

भाकऱ्या झाल्या. तिनं माझं ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि चुलीजवळ सरकवून ठेवलं. मग आपलं वाढून घेतलं, भिंतीकडे तोंड करून बसली आणि जेवायला लागली.

दोन घास झाले तेव्हा मी म्हणालो, "अगं, मी घरात हाय."

ती दचकली. परका माणूस दारात आला की घ्यावा तसा तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि मग वळून पाहिलं.

त्या दिवशी आम्ही समोरासमोर बसून जेवलो. वर बघायचा धीर मात्र दोघांनाही झाला नाही.