मेल्बामावशी आणि दांडीखालचं पान

आमच्या घरात सकाळी आधी पोपट शिटतो, मग कॉफी उकळते. हा नियम मेल्बामावशीचा. मावशीच्या नियमापुढे माझं काही चालत नाही, आणि माझं कुणापुढेच फारसं चालत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याकडे शिवायला टाकलेला गणवेश एकदा उशिरा मागायला येऊन बघावं.

पोपटाचं नाव कापितान. अंगानं हिरवा, मानेमागे पिवळा, आणि आवाज असा की समोरच्या गल्लीतली बाळं झोपेतून दचकून उठतात. तो आईचा. आईने त्याला पिसं फुटायच्या आधीपासून मक्याचं पीठ भरवून वाढवला होता. आई गेली आणि कापितान आमच्या गळ्यात पडला. मेल्बामावशी आईची धाकटी बहीण. मयताला म्हणून चिनांदेगा गावाहून एक पिशवी घेऊन आमच्या लेओनला आली, आमच्या व्हरांड्याची अवस्था बघितली, पिशवी खिळ्याला अडकवली ती आजतागायत तिथेच आहे.

अवस्था सांगण्यासारखी नव्हती. पिंजरा आईला कधी मान्य नव्हता, त्यामुळे कापितान घरभर मोकळा. खुर्चीच्या पाठीवर, शिवणयंत्रावर, देवघराच्या कोनाड्यात, सगळीकडे त्याच्या पांढऱ्या-हिरव्या सह्या. मी ओलं फडकं घेऊन मागे मागे पळायचे. ओल्या फडक्याने शीट निघत नाही, पसरते. एकदा संतापून मी आजोबांच्या वेळच्या नक्षीच्या फरशीवर लिंबू चोळलं. डाग गेला आणि फरशीचा रंगही गेला. अजून तिथे चंद्रासारखा पांढरा गोल आहे.

"कोणी शिकवलं तुला?" मावशीने विचारलं.

"कोणी नाही."

"दिसतंय."

मग तिने घर हातात घेतलं. शेजारी अझुसेनाबाईंची खानावळ आहे, तिथे दिवसभर चुलीवर मक्याच्या भाकऱ्या, तोर्तिया, भाजल्या जातात. तिथून डबाभर चाळलेली राख यायला लागली. शीट पडली की लगेच हात लावायचा नाही. वर चिमूटभर राख टाकायची, वाळू द्यायची, जुन्या सुरीने अलगद उचलायची, आणि मग फडकं. कपड्यावर पडली तर अजिबात शिवायचं नाही, पूर्ण सुकल्यावर झटकायची आणि मग साबण. रात्री कापितानच्या दांडीखाली परसातल्या केळीचं पान अंथरायचं. वाऱ्याने फाटलेली पानं तशीही नाकातामालच्या मक्याच्या पुड्या बांधायला चालत नाहीत. सकाळी पान उचलायचं, नीट बघायचं, आणि केळीच्याच बुंध्याशी टाकायचं.

"बघायचं काय त्यात?" मी म्हणायचे.

"तू शर्ट शिवल्यावर उलटा करून शिवण बघतेस ना? तसंच."

सर्वांत मोठी कमाल म्हणजे तिने त्याला वळण लावलं. उठल्याउठल्या पोपट भरपूर शिटतो, हे तिला माहीत. म्हणून उजाडताच ती त्याला काठीवर घेऊन परसात उभी राहते. "चला कापितान, कामावर!" म्हणते. तो शेपूट हलवतो, काम करतो, मक्याचा दाणा मिळवतो, आणि दोघं विजयी मुद्रेने आत येतात. दिवसाही तो मागे सरून पिसं फुलवायला लागला की ती हातातलं काम टाकून त्याला उचलून परसात पळते. पदार्थ करपला तर करपला. माझं शिवणयंत्र कितीतरी महिन्यांनी स्वच्छ राहिलं. ते पुसताना एकदा मला आईची आठवण न येता हसू आलं, हे मी मावशीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता पापांबद्दल. माझे पापा, एव्हेनोर, आई असताना बोलके होते. रेल्वे बंद पडेपर्यंत रेल्वेत होते, आणि बंद पडल्यावरही घरात सगळ्यांना वेळापत्रक लावायचे. आई गेल्यावर ते व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसले. तिथेच सकाळ, तिथेच दुपार. मागे खुर्चीच्या पाठीवर कापितान. जेवणाचं ताट मांडीवर. मी त्यांच्याकडे पाठ करून यंत्रावर, मावशी स्वयंपाकघरात. ताट परत यायचं ते चाटूनपुसून लख्ख.

"पापा काही बोलत नाहीत, पण जेवतात हो व्यवस्थित," मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांनी पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडून मागितलं, तेही मी खिळ्याने पाडून दिलं.

त्या नोव्हेंबरात मात्र कापितानचं सगळं वळण बिघडलं. दिवसात केव्हाही, कुठेही, आणि ढिगाने. राख पुरेना. मावशी परसात पोचायच्या आधीच काम झालेलं असायचं. वर्ष संपत आलेलं, शाळांचे निरोपसमारंभ तोंडावर, माझ्याकडे पांढऱ्या शर्टांचा डोंगर. एका सकाळी इस्त्री करून घड्या घातलेल्या शर्टांवर साहेबांनी वरून खालपर्यंत नकाशा काढला. माझ्या डोक्यात सणक गेली.

"संपलं!" मी ओरडले. "पुरिसिमाला, मारीयेच्या सणाला, आठवडा राहिला. देवीची वेदी याच व्हरांड्यात मांडायची आहे. नऊ दिवस गल्ली प्रार्थनेला येणार. हा देवीच्या डोक्यावर शिटेल, आणि मग मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

अझुसेनाबाईंच्या खानावळीत मोठं आवार आहे, आंब्याची झाडं आहेत. त्याला ठेवून घ्यायला त्या एका पायावर तयार झाल्या. शनिवारी येऊन घेऊन जाते म्हणाल्या. मी पापांना सांगितलं. ते खुर्चीत झुलत राहिले. मग म्हणाले, "ने."

एवढंच. मला वाटलं, बरं झालं, भांडण नाही.

 मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी पान हातात घेऊन नेहमीपेक्षा जास्त वेळ परसात उभी होती.

"इवानिया, इकडे ये."

"मला शर्ट धुवायचेत."

"धुशील. हे बघ. मी याला काय देते? मूठभर उकडलेला मका आणि पेरू. मूठभर मक्याची एवढी शीट होत नाही. आणि हे काळसर काय आहे? राजम्याचं साल."

"म्हणजे अझुसेनाबाईंकडे जाऊन चोरून खात असेल."

"हं," मावशी म्हणाली. तिचा 'हं' मला कधीच आवडत नाही.

त्या दिवशी दुपारी तिने बीट उकडलं. बारीक चिरून, कांदा-अंडं घालून कोशिंबीर केली आणि ती फक्त पापांच्या ताटात वाढली. मी म्हटलं, मला का नाही? तर म्हणाली, तुला कालपासून तोंड चालवायला मिळतंय तेवढं पुरे. ताट परत आलं ते लख्ख. बिटाचा डागसुद्धा नाही.

उजाडल्यावर तिने मला हाताला धरून परसात नेलं. केळीचं हिरवंगार पान, आणि त्यावर जास्वंदीच्या रंगाची शीट.

मी बघतच राहिले. पापांची हडकुळी मनगटं, सैल झालेली पँट, पट्ट्याचं भोक, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. हा पोपट घाण करत नव्हता. तो एका माणसाचं दोन वेळचं जेवण पचवत होता. आणि त्याला घराबाहेर काढलं असतं तर माझ्या बापाचं उपाशीपण आम्हाला कळलंही नसतं. मी तशीच आत धावले. मावशीने मनगट पकडलं, आणि तोर्तिया थापून थापून तिच्या हाताला जी पकड आली आहे ती सुटत नाही.

"काय करणार आहेस?"

"विचारणार आहे! भूक लागत नाही तर सांगता येत नाही? लहान आहेत का?"

"आणि मग? तुझ्या धाकाने ते चार घास गिळतील. गिळणं म्हणजे जेवणं नव्हे. तुझी आई तोमासा असताना ती आपल्या ताटातला पहिला घास याला द्यायची, मग दाजी जेवायला सुरुवात करायचे. आता पहिला घास देतात आणि थांबता येत नाही त्यांना. तू गप्प बस. मी बोलते, आणि मी काय बोलते त्यावर तोंड उघडायचं नाही."

ती पान घेऊन पापांसमोर उभी राहिली.

"दाजी, हा कापितान मरणार."

पापांची खुर्ची थांबली. "काय?"

"हे बघा. लाल. गेले किती दिवस पातळ, काळी. घरात कुणीतरी याला मीठ-तेलाचं खायला घालतंय. पोपटाचं काळीज एवढंसं, त्याला तळणाचं मीठ कसं सोसेल? मला माहीत आहे कोण देतं ते."

पापांनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"इवानिया," मावशी म्हणाली. "दुसरं कोण? यंत्रावर बसल्याबसल्या आपल्या ताटातलं फेकते त्याच्याकडे. आज तिला चांगली झाडते."

मी आ वासला. मावशीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तो मिटला.

"तिला नको बोलूस," पापा घाईने म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. "पोर दमलेली असते. मी... मी लक्ष ठेवतो. कुणी काही देणार नाही त्याला."

"या खुर्चीत पाठमोरे बसून कसलं लक्ष ठेवता? टेबलाशी बसावं लागेल. दांडी समोर ठेवते. जेवायला मीही तिथेच बसेन, म्हणजे चार डोळे होतील."

"बरं."

त्या दुपारी आईनंतर पहिल्यांदा त्या टेबलावर ताटं मांडली गेली. कापितान दांडीवरून मान वाकडी करून बघत होता, पापांच्या हातातला चमचा हवेत होता. सवयीने तो पोपटाकडे वळला. मावशी शांतपणे भात कालवत राहिली. तिने फक्त "दाजी, काळीज," एवढंच म्हटलं. चमचा परत वळला. तोंडात गेला. पापा खूप वेळ चावत बसले. मग दुसरा. फार नाही खाल्लं, पण उरलं ते पोपटाकडे न जाता ताटात राहिलं, आणि ताटात उरलेलं अन्न बघून मला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मावशीने येऊन मला एक पेरू दिला आणि म्हणाली, "अर्धा कापितानचा आहे, सगळा गिळू नकोस."

शनिवारी अझुसेनाबाई खोकं घेऊन हजर. मी म्हटलं, राहू दे, तो इथेच राहील.

"अगं, शर्टांवर नकाशे काढतो म्हणून परवा छाती पिटत होतीस ना?"

"मला भूगोल आवडायला लागलाय."

"तुमचं घरच वेडं आहे," त्या म्हणाल्या, आणि त्याच खोक्यात राख भरून देऊन गेल्या.

वेदी व्हरांड्यातच मांडली. माद्रोन्योच्या पांढऱ्या फुलांच्या वासाने घर भरलं. कापितानची दांडी परसाकडच्या टोकाला गेली. नऊ दिवस गल्लीतल्या बायका गात होत्या आणि देवीच्या डोक्यावर काहीही पडलं नाही. पानावर आता थोडंसं हिरवं, थोडंसं पांढरं, जसं पोपटाचं असायला हवं तसं. मावशी पान बघायची आणि माझ्याकडे बघून भुवई उडवायची. पापा टेबलावर जेवत होते, पण पाखरासारखे, मोजके घास. त्यांचं जेवण पुढे जाईल की इथेच अडेल, मला कळत नव्हतं. मी रोज देवीकडे तेवढंच मागत होते.

डिसेंबरच्या सात तारखेला ग्रितेरिया. संध्याकाळी सहाला फटाके सुटले की सगळं गाव घरोघर दारात येऊन ओरडतं आणि घरातल्यांनी गोडधोड वाटायचं. आमच्या दाराला आईच्या काळापासून एकच मान, गुळाच्या पाकात शिजवलेला भोपळा. मावशीने दुपारभर खपून मोठं पातेलं भरून केला होता आणि टेबलावर निवत ठेवला होता. मी वेदीपाशी मेणबत्त्या लावत होते. मावशी परसात कापितानला संध्याकाळच्या कामावर घेऊन गेली होती.

फटाके वाजले. दारात गर्दी लोटली. मी द्रोण घेऊन पातेल्यापाशी धावले आणि थबकले. पातेल्याचा अर्ध्याहून जास्त भाग रिकामा होता. पापा टेबलाशी बसले होते. हनुवटीवर पाक, बोटांवर पाक, शर्टावर पाक. हातात डाव.

"पापा! हे सगळं लोकांसाठी..."

ते माझ्याकडे बघत होते, पकडल्या गेलेल्या पोरासारखे.

"मला भूक लागली," ते म्हणाले.

 मागून मावशी काठीवर पोपट घेऊन आली. तिने पातेलं बघितलं, पापांना बघितलं, मला बघितलं.

"ओरड ना," ती म्हणाली. "घरात जेवणारा माणूस आहे म्हणून ओरडायला मिळतंय."

 मी पापांच्या समोर एक द्रोण भरून ठेवला आणि वाटायला फळीवरची लिंबं ओच्यात घेऊन दाराकडे गेले. बाहेर अख्खी गल्ली कंठ फोडून विचारत होती, "एवढा आनंद कुणामुळे?"

उत्तर ठरलेलं आहे, आमच्याकडे तान्ह्या बाळालाही ते येतं. "निष्कलंक मारीयेमुळे!" मी सगळ्यांबरोबर ओरडले, आणि देवीनं रागावू नये, पण मान मी घरात वळवली होती, जिथे मेल्बामावशी पापांच्या शर्टावरच्या पाकावर राखेची चिमूट टाकत होती.