गोलपोस्टमागच्या चाळीस खुर्च्या

आमच्या वहिनी शिवणकाम करतात आणि हट्ट करतात. शिवणकाम पैसे घेऊन, हट्ट फुकट. त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो असं घरचे म्हणतात. चढणारच. या वर्षी त्यांनी माझी चांगली जिरवली आहे.

हट्ट होता आमच्या शहराच्या हॉकी टीमचा. टीम व्यावसायिक लीगमधली, पण दोन वर्षं तळाला बसलेली. यंदा मोसम संपला आणि मालकांनी झाडूच फिरवला. कोचला नारळ दिला. गोलरक्षक निवृत्त झाला. आणि आमचा कप्तान, दहा नंबर, अकरा वर्षं या टीमसाठी गुडघे फोडून घेतलेला माणूस, त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. बदल्यात आली नुकतं मिसरूड फुटलेली सहा पोरं. 'संघाची नव्याने उभारणी', असं पेपरात ठळक छापून आलं. उभारणीला तीन वर्षं लागतील, हे खाली बारीक अक्षरात.

वहिनींचं दुकान आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत. मी किल्ल्या बनवतो. त्या कपडे अल्टर करतात आणि चाहत्यांच्या जर्सीवर खेळाडूंची नावं शिवतात. त्यामुळे मोसम संपला की चर्चेचा अड्डा त्यांच्या कटिंगच्या टेबलाभोवती. औषधांच्या दुकानातला कंपाउंडर, गाडी शिकवणारे मास्तर आणि मी, हे कायमचे. बाकीचे येऊनजाऊन. नवा कोच कसला, कोणाला सेंटरला खेळवायला हवं, पेनल्टी कॉर्नर आता कोण मारणार, यावर आम्ही तासन्‌तास भांडायचो. त्या सहा पोरांतल्या एकालाही आमच्यापैकी कोणी खेळताना पाहिलेलं नव्हतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! वहिनी मशीन चालवत ऐकायच्या. फारच आरडाओरडा झाला तर एक मोठी टीप मारायच्या, म्हणजे कोणाचंच काही ऐकू यायचं नाही.

वहिनींचा एक नियम आहे. गेलेल्या खेळाडूचं नाव त्या नव्या मोसमाचा पहिला सामना होईपर्यंत उसवत नाहीत आणि नवं शिवत नाहीत. पाच वर्षांपूर्वी एका नव्या फॉरवर्डचं नाव त्यांनी आम्हा बावीस जणांच्या जर्सीवर हौसेने शिवलं आणि तो गडी एकही सामना न खेळता विकला गेला. तेव्हापासून नियम म्हणजे दगडावरची रेघ.

मी कप्तानाची जर्सी टेबलावर टाकली आणि म्हणालो, "वहिनी, उसवा."

"पहिला सामना होऊ द्या, भावजी."

"मला यांचा पहिलाच काय, कुठलाच सामना बघायचा नाही."

"मग उसवून तरी काय करणार?"

मी डोक्यात राख घालून माझ्या दुकानात गेलो आणि ब्लेडसारख्या धारदार पट्टीने स्वतःच नाव खरवडलं. पाठीवर तळहाताएवढं भोक पडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच आठवड्यात स्टेडियमच्या ऑफिसातून पत्र आलं. गोलपोस्टमागच्या चाळीस खुर्च्या सोळा वर्षं आमच्या चाहत्यांच्या मंडळाच्या नावावर. आता महिनाअखेर संध्याकाळी पाचपर्यंत चाळीस सह्या आल्या तर त्या मंडळाकडे राहणार, नाहीतर सुट्या विकणार. मंडळाची वही वहिनींकडे असते, कारण ती सांभाळायचा कंटाळा बाकी सगळ्यांना आहे. पत्र वाचून होताच कंपाउंडर म्हणाला, "माझं नाव खोडा. पोरांचा खेळ बघायला मी शाळेच्या मैदानावर जाईन." दुसरं नाव मी खोडलं. आठवडाभरात वहीत चौदा उरले.

वहिनींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या सरावाच्या मैदानावर जाऊन बसल्या. सराव सगळ्यांसाठी खुला असतो. जात मात्र कोणी नाही. तिथून येऊन त्यांनी दुकान उघडलं आणि मशीनवर बसल्या. असं बारा दिवस चाललं. तेराव्या दिवशी आम्ही नव्या गोलरक्षकाला शिव्या देत होतो, तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं.

"डावीकडे झेपावताना त्याचा उजवा पाय मागे राहतो," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी वीतभर राहायचा. काल चार बोटं राहिला."

शिंप्याची नजर आहे ती, टेप न लावता माणसाचा खांदा सांगते.

"मास्तर, उद्या येता का बघायला? नुसती तोंडाची वाफ किती दवडायची?"

मास्तर गेले. परत आले ते वहीत सही करूनच. मग वहिनी रोज दोन-दोन माणसं घेऊन जाऊ लागल्या. प्रत्येकाला सांगायच्या, "टीम हरणार आहे. यंदाही आणि पुढच्या वर्षीही. तीन वर्षं यायचं असेल तर सही करा. नाहीतर माझा राग नाही." खुर्च्या विकायची ही कुठली रीत! तरी माणसं सही करत होती. महिनाअखेरच्या आदल्या दिवशी खुद्द कंपाउंडरने सही केली आणि वर मलाच उपदेश करून गेला.

हे बळ त्यांच्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी दादांना, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. वहिनी रोज दादांना धरून चालवायच्या आणि पाऊल जिथवर पोचेल तिथे शिवणाच्या खडूने फरशीवर रेघ मारायच्या. तीन वर्षं. आज दादा काठी घेऊन खाली दुकानात येतात, इस्त्री करतात आणि वहिनींच्या शिवणातल्या चुका काढतात.

त्यांनी साठेक लोकांना विचारलं. शेजारच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरलाही सोडलं नाही. मला मात्र एकदाही विचारलं नाही. मी भिंतीपलीकडे वाट बघत होतो. विचारलं की आधी नाही म्हणायचं, मग थोडे आढेवेढे घ्यायचे, असं मनात ठरवूनही ठेवलं होतं.

शेवटच्या दिवशी चार वाजता मास्तर धापा टाकत माझ्याकडे आले. एकोणचाळीस झाले होते. दातांच्या डॉक्टरने ऐनवेळी माघार घेतली होती आणि वहिनी वही घेऊन स्टेडियमवर गेल्या होत्या. मी शटर ओढलं आणि निघालो.

ऑफिसच्या बाहेर बाकावर त्या एकट्याच बसल्या होत्या. मी म्हणालो, "एक कमी आहे म्हणे. माझं लिहा."

त्यांनी वही उघडली नाही. "कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? खुर्च्या जातील!"

"जातील. सोळा वर्षं बसले तिथे, मला वाईट वाटेल. पण भरतीला माणूस नकोय मला."

"साऱ्या गावाला विचारलंत, वहिनी. मला विचारलं असतं तर अंगाला भोकं पडली असती?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचे दादा पडले तेव्हा पहिला महिना तुम्ही रोज यायचात. रडायचात, फळं आणायचात. दुसऱ्या वर्षी किती वेळा वर आलात?"

दुकानावरच त्यांचं घर आहे. अठरा पायऱ्या.

"दोनदा," मी म्हणालो.

"एकदा." आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. "तेव्हाही मी बोलावलं नव्हतं, भावजी. तुम्हाला बघवत नव्हतं ते कळत होतं मला. पण मी रोज बघत होते."

मला लाज वाटली. गोलमोल काय सांगू, तोंड लपवावंसं वाटलं. सात वर्षं ती बाई भिंतीपलीकडे मशीन चालवत होती आणि हे बोलली नव्हती. मी कप्तानावरच्या प्रेमापायी टीम सोडली असं जगाला सांगत होतो. खरं तर हरणाऱ्याजवळ बसायचं बळ मला कधी नव्हतंच.

क्लार्क दार उघडून म्हणाला, "बाई, पाचला दहा कमी. चाळीस की एकोणचाळीस?"

वहिनी उठल्या. एकोणचाळीसच सांगणार होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं.

"तीन वर्षं," मी म्हणालो. "हरलो तरी. लिहून देतो."

त्या थांबल्या. वही उघडून पेन माझ्या हातात दिलं आणि रकान्यावर बोट ठेवलं. "अक्षरी लिहा."

मी 'तीन वर्षे' असं अक्षरी लिहिलं आणि खाली सही केली. क्लार्कने नावं दोनदा मोजली आणि शिक्का मारला.

आम्ही परत आलो. दुकानापाशी वहिनींनी कुलूप काढलं. एका गिऱ्हाइकाची पँट सहाला द्यायची होती.

"दादा वर आहेत?" मी विचारलं.

"वरच आहेत. आज पाय दुखतोय म्हणून खाली आले नाहीत."

त्या मशीनवर बसल्या. मी माझं शटर उघडलं नाही. जिना चढून वर गेलो.